आधी रक्त, मग नाव

१

सोमवारी सकाळी चहा बाबांनी केला, हीच त्या दिवसाची मोठी बातमी.

तीन महिन्यांपूर्वी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना हा माणूस वाटेत दोनदा खुर्चीवर टेकायचा. आज तो दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून चालत आला आणि बशीत एक थेंबही सांडला नाही.

"बघ चिंगे, हात कसा स्थिर आहे. अजून शंभर जणांच्या शिरा शोधीन."

"आधी माझी सोडा," ती म्हणाली.

"तुझी कशी सोडू? तुझ्याकडे रक्ताचं दारिद्र्य पिढीजात आहे. तुझ्या आईकडून आलेलं."

पस्तीस वर्षं त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासलं होतं. आता आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता, पण आपल्या दंडात दुसऱ्या कुणाला सुई खुपसू देतील तर शपथ. दर तीन आठवड्यांनी, केमोच्या आदल्या दिवशी, डाव्या दंडाला पट्टा बांधून ते उजव्या हाताने आपलंच रक्त काढायचे. मग तिचं. दोन्ही नळ्या ती वाचनालयात कामावर जाता जाता लॅबमध्ये टाकायची. ती लॅब बाबांच्या जुन्या चेल्याची होती.

त्या दिवशीही ट्रे मांडलेला होता. कापूस, सुया, जांभळ्या टोपणांच्या दोन नळ्या. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात. एकीवर त्यांचं नाव, एकीवर तिचं. तिने हात पुढे केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी तिला आता तोंडपाठ झाली होती. रक्त दिसलं की तिला घेरी यायची.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," बाबा मागून म्हणाले. "झालं. दाबून धर. पोटरी जरा चोळतेस का? गोळा आलाय सकाळपासून."

"जिने चढून चढून आला असेल. तुम्हाला आता आवरायला हवं."

"आवर कसला! तुझ्या सायकलची चाकं बसलीयेत महिनाभर. उद्या खाली जाऊन हवा भरतो."

तिने पोटरी चोळली. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आले. त्यांचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट नऊ, तिचं तेरा.

"तेरा! लोहाच्या गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या," बाबा म्हणाले.

ती ओशाळली. गोळ्यांनी पोट बिघडायचं म्हणून दोन महिने तिने एकही घेतली नव्हती. पाकिटं टेबलाच्या खणात पडून होती, आणि ती रोज रात्री "घेतली" म्हणून सांगत होती. तेराचा आकडा बघून तिला वाटलं, बरं झालं, खोटं पचलं. मग वाचनालयाच्या माडीवर जाताना आपल्याला धाप का लागते? वय, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी बाबा पंप घेऊन खाली गेले. हवा भरली. वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले, ते उठलेच नाहीत. फुप्फुसात गुठळी अडकली होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी अपघात विभागातल्या डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं, आणि सगळं संपलं.

पंधरा दिवसांनी रुग्णालयाने परत दिलेली पिशवी तिने उघडली. चष्मा, एक चप्पल, पंपाचं टोपण. तळाशी एक कागद होता. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांच्या दंडातून घाईघाईने घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट.

हिमोग्लोबिन: तेरा पॉइंट एक.

आदल्या दिवशी आठ पॉइंट नऊ. एका रात्रीत माणसाचं रक्त चार ग्रॅमने वाढत नाही. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

२

धाकटा भाऊ कार्याला आला होता तो अजून गेला नव्हता. विमा कंपनीत दावे तपासायची त्याची नोकरी, त्यामुळे दुःखातही त्याला आधी कागद दिसायचे. जेवणाच्या टेबलावर त्याने ते मांडलेच होते.

"ताई, बाबांना देत होते ते हे इंजेक्शन. रक्त वाढवायचं. मी वाचलंय सगळं. कॅन्सरच्या पेशंटला याने गुठळ्या होतात. गाठही वाढू शकते. औषधाच्या माहितीपत्रकावरच छापलंय, चौकटीत, ठळक. आणि त्या कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी तिसऱ्या खेपेला डोस वाढवला! वाढवला!"

"रिपोर्ट खाली होते म्हणून वाढवला असेल."

"आणि हा कागद काय म्हणतो? तेरा. म्हणजे एक तर लॅब बोगस, नाही तर डॉक्टर. शुक्रवारी वैद्यक परिषदेकडे तक्रार देणार आहे मी. सही तुझीही लागेल. तू सोबत होतीस."

'तू सोबत होतीस' हे त्याने साधंच म्हटलं. तिला ते साधं लागलं नाही.

"शुक्रवारपर्यंत थांब. दोन दिवस दे मला."

"काय करणार आहेस? पुस्तकांत शोधणार?"

"विचारून येते."

"कुणाला?"

"ज्यांनी ज्यांनी त्यांच्या रक्ताला हात लावला त्यांना."

"तसं असेल तर ताई, यादीत पहिलं नाव तुझंच येतं. नळ्या तूच न्यायचीस."

३

डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी तिला टेबलापलीकडे न बसवता शेजारच्या खुर्चीत बसवलं. वाईट बातमी त्या तिथेच बसवून सांगत. बातमी सांगून झाल्यावरही सवय सुटली नव्हती.

"तुमच्या भावाचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "रागावणं बरोबर आहे त्यांचं. विचारा."

"तुम्हाला धोका माहीत होता?"

"होता. तुमच्या वडिलांनाही सांगितला होता, याच खुर्चीत. तुम्हीही होतात." त्या बोटांवर मोजू लागल्या. "हे इंजेक्शन हाडांतल्या मज्जेला हुकूम सोडतं, की लाल पेशी बनवा. मिळतं काय? रक्त चढवायची वेळ कमी येते. कुणाकुणाला तरतरी वाटते, सगळ्यांना नाही. त्याच्या बदल्यात गुठळीची भीती, आणि काही रुग्णांत आयुष्यच घटल्याचं दिसलंय. आजार बरा होण्यातला असता तर मी याला हात लावला नसता. तुमच्या वडिलांचा तसा नव्हता. म्हणून गरजेपुरतंच द्यायचं, आणि आकडा दहाच्या पुढे सरकला की हात आखडता घ्यायचा."

"रक्त का नाही चढवलं?"

"नको म्हणाले. म्हणाले, डॉक्टर, रक्तपेढीत किती जण ताटकळतात ते मी बघितलंय, त्यातली पिशवी मी म्हातारा कशाला अडवू? आणि चढवलेलं दोन-तीन आठवड्यांत उतरणार. मला टिकाऊ काही द्या."

"मग डोस वाढवलात."

"पहिल्या खेपेला आठ पॉइंट चार, मग नऊ पॉइंट दोन. चढतंय, छान. मग नऊ पॉइंट एक. थांबलं. म्हणून वाढवला. मग नऊ, मग आठ पॉइंट नऊ. त्या मंगळवारी मी ते बंदच करणार होते. इतके आठवडे गुण नाही, तर नुसता धोका कशाला विकत घ्यायचा?" त्यांनी तिने आणलेला कागद पुन्हा वाचला. "तुमचा तेराचा कागद खरा असेल तर मी आंधळी होते."

"त्यांच्याकडे बघून कळलं नाही?"

"दर वेळी चाकाच्या खुर्चीतून यायचे. मान टाकून. दम लागतो म्हणायचे."

तिला फाटकावरचा प्रसंग आठवला. बाबा टॅक्सीतून टुणकन उतरायचे आणि मदतनिसाला हाक मारायचे, "आण रे बाबा तुझा रथ!" ती हसून विचारायची, कशाला हवी खुर्ची? ते म्हणायचे, फुकटची सवारी का सोडा?

"एक विचित्र होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी. केमोमध्ये त्या ढासळतात. यांच्या आधी ढासळल्याही होत्या, आणि मग शेवटच्या तीन रिपोर्टांत एकदम ठणठणीत. तुमच्या-माझ्यासारख्या. मला वाटलं, चला, एवढं तरी नशीब. आणि मी केमो पूर्ण जोरात चालू ठेवली."

ती उठली तेव्हा डॉक्टर खाली बघत म्हणाल्या, "खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघायला दोन सेकंद लागतात. पहिल्या वर्षी शिकवतात ते. मी कागद बघितला. तक्रारीत हे लिहायचं तर लिहा."

४

चेला म्हणजे पन्नाशीतला टकला गृहस्थ. सर गेल्यापासून लॅबच्या काउंटरवर त्याने त्यांचा फोटो ठेवला होता, आणि फोटोकडे पाठ करून बसायची त्याला भीती वाटायची.

"ताई, माझं यंत्र खोटं बोललं असेल तर मी आज शटर ओढतो." त्याने त्या सोमवारचे सगळे आकडे काढून दाखवले. यंत्र सकाळीच ठरावीक नमुन्यावर तपासून घेतलेलं. आधीच्या-नंतरच्या कुणाची तक्रार नाही.

"मग नळ्यांची अदलाबदल? इथे?"

"इथे चिठ्ठी लावतच नाही ना तुमच्या नळ्यांना. सरांच्या हातची चिठ्ठी असते, ती फक्त वाचायची." तो कसंनुसं हसला. "सरांची चिठ्ठी चुकली म्हणणारा अजून जन्माला यायचाय. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट सांगू? सकाळी घाई म्हणून मी वीस नळ्यांवर आधीच नावं चिकटवून ठेवली. सरांनी बघितलं आणि वीसच्या वीस कचऱ्यात टाकल्या. म्हणाले, 'आधी रक्त, मग नाव. नाव आधी लिहिलंस की तू रक्त शोधत नाहीस, नावाला रक्त शोधतोस.' आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

सोमवारच्या ट्रेमधल्या दोन रिकाम्या नळ्या तिला दिसल्या, चिठ्ठ्यांसकट.

"ताई? पाणी देऊ?"

"शेवटचे तीन रिपोर्ट," ती म्हणाली. "बाबांचे. त्यात अजून काय वेगळं आहे?"

त्याने पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं. बराच वेळ बघितलं. "पेशींचा आकार. सरांच्या लाल पेशी आधी नव्वदच्या आसपास असायच्या, चांगल्या भरलेल्या. शेवटच्या तिन्हींत अडुसष्ट. बारक्या, फिकट. हे लोह नसलेल्या रक्ताचं लक्षण. बायकांमध्ये फार दिसतं." तो बोलता बोलता थांबला. "पण सरांना तर..."

"माझं रक्त घ्या," ती म्हणाली. "आत्ता."

या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. घेरी आली, पण तिने बघितलं. चेल्याने आधी रक्त घेतलं. मग नाव लिहिलं.

दहा मिनिटांनी यंत्राने कागद बाहेर टाकला. आठ पॉइंट आठ. पेशींचा आकार अडुसष्ट. पांढऱ्या पेशी ठणठणीत.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुरावा तिच्याच टेबलाच्या खणात होता, न घेतलेल्या गोळ्यांच्या पाकिटांखाली.

तिने आपले चार रिपोर्ट बाहेर काढले. पहिला नऊ. पुढचे तीन दहा पॉइंट सात, बारा, तेरा. शेवटच्या तिन्हींत लाल पेशी मोठ्या, भरलेल्या. पांढऱ्या पेशी मात्र तळाला, केमोच्या रुग्णाच्या असाव्यात तशा. त्याखाली छापलं होतं: डॉक्टरांना दाखवा. तिने दाखवलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "सर्दीने होतं तसं. मी बसलोय ना बघायला." आणि तिला तरी तेरा आकड्याची चौकशी कुठे हवी होती? चौकशी झाली असती तर गोळ्यांचं खोटं उघडं पडलं असतं. तिचं खोटं त्यांच्या खोट्याच्या आड लपलं होतं, त्यांचं तिच्याआड. असा दीड महिना बापलेक एकमेकांसमोर बसून चहा पीत होते.

भाऊ दारात उभा होता. तिने सगळे कागद त्याच्यासमोर ठेवले आणि एकेक करून सांगितलं. चाकाची खुर्ची. पांढऱ्या पेशी. पेशींचा आकार. आधीच चिकटवलेल्या चिठ्ठ्या.

"दोन्ही नळ्यांवर नावं आधीच का लावली? तर मी वळून बघेन तेव्हा लिहिणं शिल्लक असायला नको. त्यांच्या नावाच्या नळीत माझं रक्त भरलं. माझ्या नावाच्या नळीत त्यांचं. पस्तीस वर्षांत त्यांनी एकच नियम मोडला, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर मोडला. मी चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचत होते."

"पण का?" भावाचा आवाज चिरकला. "त्यांना तर धोका पाठ असणार. डॉक्टरांपेक्षा जास्त."

"इंजेक्शन बंद होऊ नये म्हणून. दहाच्या पुढे गेलं की डॉक्टर थांबवणार होत्या."

"थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

भावाने कागद गोळा केले, परत मांडले, परत गोळा केले.

"तक्रार फाडून टाक," ती म्हणाली.

"टाकतो." त्याने तक्रारीचा मसुदा बाजूला काढला. "डॉक्टरांनी कागद बघितला, लॅबवाल्याने चिठ्ठी वाचली. ठीक. पण ताई, तू तर रोज त्यांना बघत होतीस. जिने चढताना. आठ पॉइंट नऊवाला माणूस तीन जिने चढतो का गं? तुला कळायला हवं होतं ना? तू काय बघत होतीस?"

तो वाईट नव्हता. विचारल्यावर त्याचंच तोंड उतरलं. पण शब्द सुटला होता, आणि तो खोटाही नव्हता.

६

भाऊ शुक्रवारच्या गाडीने गेला. दुपारी तिने बाबांच्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं. त्यांच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी उचलली तर आत काहीतरी सरकलं. एक लांबट वही होती.

तिला आश्चर्य वाटलं नाही. हा माणूस चिठ्ठी खोटी लावू शकला असता, नोंद खोटी करू शकला नसता.

पानभर रकाने आखलेले होते. तारीख. मी. ती. शेरा. मोत्यासारखं अक्षर.

ती तळापासून वर वाचत गेली.

'मी तेरा. ती आठ पॉइंट नऊ. शेरा: तिन्ही मजले, न थांबता. चहा मी केला. पोटरी दुखते आहे, उजवी. काय आहे ते कळतंय.'

'मी बारा. ती नऊ. शेरा: दोन मजले. ती वाचनालयातून आली तेव्हा दार मी उघडलं. केवढी हसली.'

'मी दहा पॉइंट सात. ती नऊ पॉइंट एक. शेरा: एक मजला. आकडा दहापुढे जाणार हे दम बघूनच कळलं होतं; मग थांबवतील, म्हणून आधीच व्यवस्था केली. पोरगी गोळ्या घेत नाही आणि घेतल्या म्हणते. माझीच मुलगी. तूर्त उपयोगी पडते आहे. माझं आटोपलं की तिचं बघणे, पहिलं काम.'

'मी नऊ पॉइंट दोन. ती नऊ. शेरा: खुर्चीशिवाय न्हाणीघरापर्यंत. तिचंही बघायला हवं, पांढरीफटक दिसते.'

सगळ्यात वरची ओळ सगळ्यात जुनी. तिथे 'ती'चा रकाना कोरा होता.

'मी आठ पॉइंट चार. शेरा: दिवसभर पडून. संध्याकाळी पाय चेपताना ती रडली. म्हणाली, बाबा, तुम्हाला असं पडलेलं मला बघवत नाही.'

तिने वही मिटली नाही. बोटाने ती ओळ झाकली, मग बोट काढलं. ओळ तिथेच होती.

म्हणाली होती ती. वाक्यात तसं काही नव्हतं, कुठल्याही घरात रोज कुणी ना कुणी म्हणतं. डॉक्टरांनी सगळं मांडून सांगितलं होतं, एका बाजूला गुठळी, गाठ, घटलेले महिने. दुसऱ्या बाजूला थोडी तरतरी. बाबांनी ते नीट ऐकलं. पण त्यांच्या पारड्यात आणखी एक गोष्ट होती, ती डॉक्टरांना माहीत नव्हती. ती तिनेच टाकली होती, पाय चेपताना, आणि विसरून गेली होती.

दुसरंही एक वाक्य होतं. तेही त्याच संध्याकाळी ओठांवर आलं होतं. पण बाबांनी पाय ओढून घेतला, म्हणाले, "रडू नको, उद्या उठून बसतो बघ," आणि ते वाक्य राहिलं. मग ते खरोखरच उठून बसले, चालले, जिने चढले, आणि ते म्हणायची गरजच उरली नाही.

ती पलंगावर पायांच्या बाजूला बसली, रोज बसायची तिथे. गादीला अजून खळगा होता. खाली जिन्यात तिची सायकल उभी होती. दोन्ही चाकांत हवा गच्च होती, आणि ती चालवायचा दम तिच्यात नव्हता.

खळग्यावर हात ठेवून ती मोठ्याने बोलली. रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज तिला परका वाटला, तरी तिने वाक्य पुरं केलं.

"बाबा, नका उठू. तुम्ही नुसते पडून राहिलात तरी मला पुरेल."